वेबसाइटचा दर्शनी भाग

तहसील कचेरींत कारकुनी करतांना आमच्या हातांखालून हजारों अर्ज गेले. त्यांतील कित्येकांच्या पहिल्या परिच्छेदांत सविनय विनंतीखेरीज कांहींच नसे. अर्जदार कोण, जमीन कोणत्या गांवची, गट नंबर काय आणि त्यास पाहिजे काय, हें दुसऱ्या पानाच्या तळाशीं सांपडावयाचें. असा अर्ज गठ्ठ्याच्या खालीं जाई. उलट सातबाऱ्याचा उतारा पाहावा. माथ्यावरच गांव, तालुका, जिल्हा व भूमापन क्रमांक असल्यामुळें, कागद कोणत्या जमिनीचा हें अनोळखी मनुष्यासहि क्षणांत कळतें. हल्लीं कित्येक शेतकरी बंधू आपला माल थेट गिऱ्हाइकास विकण्यासाठीं वेबसाइट काढूं लागले आहेत. त्यांचीं पानें उघडलीं म्हणजे आम्हांस सातबाऱ्याची नव्हे, त्या अर्जांचीच आठवण होते.

वेबसाइट उघडतांच, बोटानें पान वर सरकविण्यापूर्वीं, मोबाइलच्या पडद्यावर जेवढें दिसतें तेवढ्यास आम्ही दर्शनी भाग म्हणतों. वेबसाइट बांधणारे त्यास ‘हिरो सेक्शन’ म्हणतात. वर्तमानपत्र घडी घालून फळीवर ठेविलें असतां वरच्या अर्ध्या भागांतील मथळाच तेवढा दिसतो, व त्यावरच गिऱ्हाईक अंक उचलतें. तोच हा प्रकार होय. नील्सन नॉर्मन ग्रुप या अमेरिकन संस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, पान पाहण्याच्या एकंदर वेळापैकीं शेंकडा ५७ वेळ लोकांनीं पहिल्या पडद्यावरच घालविल्याचें आढळलें.

आमच्या पुतण्याचें पन्हाळा तालुक्यांत गुऱ्हाळ आहे. अडत्याकडून हातीं पडणारा भाव पाहून त्यानें गेल्या हंगामांत १ किलोचे व ५ किलोचे रवे पाडले आणि पैसे मोजून वेबसाइट करून घेतली. तीन महिन्यांत मागण्या आल्या त्या अवघ्या ११, व त्यांतील ७ नात्यागोत्यांतल्या. शेवटीं सर्व रवे अडत्याकडेच द्यावे लागले. आम्हीं तें पान आमच्या जुन्या मोबाइलवर उघडून पाहिलें. प्रथम बराच वेळ पडदा पांढराच राहिला. मग सूर्योदयाचें चित्र, त्यावर फिकट अक्षरांत ‘आपलें सहर्ष स्वागत’, व त्याखालीं ‘परंपरा, शुद्धता, विश्वास’. हा धंदा गुळाचा कीं अगरबत्तीचा, हें कळावयास तीन वेळां पान सरकवावें लागलें. भाव कोठेंच नव्हता. फोनचा क्रमांक होता, परंतु तो चित्रांतच छापलेला. त्यावर बोट ठेवून फोन लागत नसे.

अनोळखी गिऱ्हाइकाच्या मनांत तीन प्रश्न असतात: येथें काय विकतात, तें यांच्याकडूनच कां घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कसें. या तिहींचीं उत्तरें पहिल्या पडद्यावर आलीं म्हणजे दर्शनी भागाचें काम झालें. हीं वाक्यें मात्र मालकानें स्वतः लिहावीं. वेबसाइट बांधणाऱ्यास आपला माल ठाऊक नसतो, म्हणून तो ‘शुद्धता’ लिहून मोकळा होतो. आम्ही व पुतण्या कागद घेऊन बसलों. त्यानें प्रथम लिहिलें, ‘हायड्रॉसविरहित गूळ’. गुऱ्हाळावर हा शब्द लहान पोरासहि कळतो. पुण्याच्या गृहिणीस तो कळेल असें नाहीं. शिवाय तिला पिवळाधमक गूळ पाहण्याची संवय. आमचा तांबूस रवा तिला जुना वाटावयाचा. म्हणून पुतण्यास जें लपवावेंसें वाटत होतें, तेंच आम्हीं मथळ्यांत घातलें: ‘रंग तांबूस, कारण रंग उजळण्यासाठीं रसायन घातलेलें नाहीं. गुऱ्हाळावरून थेट गूळ.’ त्याखालीं एकच ओळ: ‘पन्हाळा तालुक्यांतील आमच्याच शेतांतील ऊस, १ व ५ किलोचे रवे, पुणें व मुंबईस घरपोंच.’ मग पाठविण्याच्या खर्चासह भाव, आणि एक बटण: ‘व्हॉट्सॲपवर गूळ मागवा’. बटण दाबल्यावर काय होईल हें बटणानेंच सांगावें. ‘अधिक माहिती’ या शब्दांनीं तें कळत नाहीं, आणि सारख्या आकाराचीं तीन बटणें ठेविलीं तर गिऱ्हाईक एकहि दाबीत नाहीं.

विश्वासासाठीं अन्न परवान्याचा १४ आंकडी क्रमांक बारीक अक्षरांत पुरे. येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु तें मानांकन आपल्या मालास लावावयाचें तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. पुतण्याची नोंद अद्याप नाहीं, तेव्हां त्याचें बोधचिन्ह आम्हीं पानावरून काढावयास लाविलें. महसूल खात्यांत जन्म गेलेल्या माणसास नोंदीवांचून हक्क सांगणें रुचत नाहीं.

चित्र एकच ठेवावें आणि तें मालाचें. सूर्योदय सर्वांचाच असतो. मोबाइलवर काढलेलें छायाचित्र कित्येक एमबी भरतें. तें लहान करून दोनशें केबीच्या आंत आणिलें तरी छोट्या पडद्यावर फरक जाणवत नाहीं, व पान लौकर उघडतें. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असें गूगलचें प्रमाण आहे. अक्षरें चित्रावर न घालतां सपाट रंगावर घालावीं. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें, असें आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम सांगतात. उन्हांत मोबाइल पाहिलेल्यास त्याचें कारण सांगावयास नको. आपोआप सरकणारीं चित्रें मुळींच नकोत.

नवें पान लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं आम्हीं तें एस. टी. स्थानकावर तिघां अनोळखी प्रवाशांस पांच सेकंद दाखविलें, मोबाइल झांकला, आणि येथें काय विकतात, असें विचारलें. तिघांनींहि गूळ सांगितला. परंतु तो मागवावा कसा, हें दोघांस सांगतां आलें नाहीं. बटण हिरव्या पट्ट्यावर हिरवेंच होतें! तें केशरी केलें. या हंगामांत १ किलोचे रवे माघ संपण्यापूर्वींच संपले. ५ किलोचे अजून पडून आहेत. त्याचें कारण पार्सलचा दर होय, त्यावर मथळ्याचा इलाज नाहीं.