सॉफ्टवेअरचा बाजार केवढा आणि त्यात आपला वाटा किती?

कलबुर्गीच्या रेल्वे स्थानकात उद्यान एक्स्प्रेस थांबते, तेव्हा आळंद तालुक्यातील मराठी घरांतली मुले तिच्या दोन्ही दिशांना जाताना दिसतात. मुंबईकडची गाडी सोलापूरवरून पुण्याला नेते, उलट दिशेची बंगळूरला. हैदराबादची वाट वाडीवरून फुटते. आजोबांच्या पिढीला या तीन शहरांचे अर्थ निरनिराळे होते. निजामाच्या अमदानीत हैदराबाद म्हणजे राजधानी आणि कोर्टकचेऱ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आळंद म्हैसूर राज्यात गेले तेव्हापासून सरकारदरबारच्या कामासाठी बंगळूर. आणि सोयरीक, शिक्षण, पुस्तके यांसाठी सोलापूर-पुणे. नातवंडांच्या पिढीत तिन्ही शहरांचा अर्थ बहुतेक घरांपुरता एकच उरला आहे : सॉफ्टवेअरची नोकरी.

मुलगा वा मुलगी अशा नोकरीस लागली की घरी येणारा-जाणारा विचारतो, ‘कंपनी मोठी आहे ना?’ लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न हमखास निघतो. शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकलेला असतो, नाहीतर बँकेचे कर्ज डोक्यावर असते. तेव्हा प्रश्नात काही गैर नाही. परंतु ‘मोठी’ म्हणजे किती मोठी, आणि कशाच्या मानाने मोठी, हे विचारणारालाही ठाऊक नसते व उत्तर देणारालाही. वर्तमानपत्रांतून अब्जावधी डॉलरांचे आकडे येतात आणि डोळ्यांपुढून निघून जातात. त्यांपैकी काही आकडे वाचकांनी आमच्यासमवेत सावकाश पाहावेत, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘सॉफ्टवेअरचा बाजार’ या एका नावाखाली दोन निरनिराळे बाजार मोडतात. एकात तयार सॉफ्टवेअर विकले जाते : विंडोजसारखी प्रणाली, हिशेबाचे पॅकेज, बँकेचे पॅकेज. दुसऱ्यात सेवा विकली जाते, म्हणजे गिऱ्हाइकाला हवे ते लिहून देणे, असलेले दुरुस्त करणे, चालते ठेवणे. गार्टनर या संस्थेच्या अंदाजांनुसार जगभर तयार सॉफ्टवेअरवर होणारा वार्षिक खर्च एक लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे, तर सेवांवरचा दीड लाख कोटी डॉलरांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या ज्या कंपन्यांची नावे लग्नाच्या बोलणीत निघतात, त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्या बाजारातल्या आहेत.

भारतातल्या सबंध संगणक-उद्योगाची, यंत्रसामग्री धरून, २०२४-२५ सालची उलाढाल नॅसकॉम या उद्योगसंघटनेने २८२.६ अब्ज डॉलर इतकी अंदाजिली होती. त्यात टीसीएस ३०.२ अब्ज, इन्फोसिस १९.३, एचसीएल १३.८ आणि विप्रो १०.५. चौघींची बेरीज ७४ अब्जांच्या घरात, म्हणजे साधारण रुपयातले चार आणे. पुण्यात मुख्यालय असलेली टेक महिंद्र धरली तर आणखी सहा अब्ज. उरलेल्या बारा आण्यांत मोठा भाग परदेशी कंपन्यांनी येथे उघडलेल्या स्वतःच्या कार्यालयांचा आहे. अशी १,७०० हून अधिक केंद्रे देशात असून २०२३-२४ साली त्यांची उलाढाल ६४.६ अब्ज डॉलर व नोकरवर्ग १९ लाखांच्या घरात होता. या केंद्रांची नावे सोयऱ्यांच्या कानांवरून गेलेली नसतात, म्हणून तेथे लागलेल्या मुलाची कंपनी उगाच ‘लहान’ ठरते. तिची मूळ कंपनी अमेरिकेतली नामांकित बँक असू शकते, हे कोणी सांगत नाही.

आता दुसरा आकडा. मायक्रोसॉफ्ट या एका अमेरिकन कंपनीची जून २०२५ अखेरच्या वर्षाची विक्री २८१.७ अब्ज डॉलर होती. वर दिलेला भारताच्या सबंध उद्योगाचा आकडा पुन्हा पाहावा. दोन्ही सारखेच! फरक माणसांत आहे. भारताच्या उद्योगात सुमारे ५८ लाख माणसे आहेत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये २ लाख २८ हजार. माणशी हिशेब केला तर तिकडे बारा लाख डॉलरांहून अधिक येतात, इकडे पन्नास हजारांच्या आत. पंचवीस पटींचे हे अंतर हुशारीचे नाही. आमची मुले तेथेही आहेत आणि चांगली नावाजली आहेत. त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला हैदराबादचे.

हे अंतर आळंदच्या अडत बाजारात बसणाऱ्या माणसाला चटकन उमगेल. तुरीच्या पोत्यामागे हमालाला ठरलेली हमाली मिळते. शंभर पोती उचलली तर शंभरांची. दोनशेंची हवी असेल तर दोनशे पोती उचलावी लागतात, नाहीतर दुसरा हमाल आणावा लागतो. सेवा विकणाऱ्या कंपनीचे गणित पुष्कळसे असेच असते. ती गिऱ्हाइकाला माणसांचे तास विकते, म्हणून उत्पन्न वाढवायचे तर माणसे वाढवावी लागतात. टीसीएसच्या पटावर मार्च २०२५ मध्ये ६ लाख ७ हजारांहून अधिक माणसे होती, ती याचमुळे. तयार सॉफ्टवेअर ही मात्र द्रौपदीची थाळी आहे. एकदा सिद्ध झाली की पंगतीला दहा बसोत की दहा लाख, वाढताना नवा खर्च जवळजवळ नाही. (थाळी सिद्ध करायला मात्र वनवास भोगावा लागतो, आणि पुष्कळांची थाळी रिकामीच राहते. त्याकडे पुढे येऊ.)

म्हणूनच दोन बाजारांत ‘वाटा’ या शब्दाचे वजनही वेगळे पडते. सेवांच्या बाजारात ॲक्सेंचर ही अग्रगण्य कंपनी. तिची २०२५ ची विक्री ६९.७ अब्ज डॉलर, तरी जगाच्या बाजारातला तिचा वाटा पाच टक्क्यांखालीच. आपल्या टीसीएसचा सुमारे दोन टक्के. येथे कोणीही कोणाला हुसकावू शकतो, भाव पाडू शकतो. याउलट टेबलावरच्या संगणकांपैकी दहातील सातांवर विंडोज असते, आणि भारतातल्या वीस मोबाइल फोनांपैकी एकोणीसांवर गूगलचे अँड्रॉइड.

एवढी पकड बसते कशी? मराठी छपाईच्या व्यवसायात असणारांनी ती अंगावर सोसली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीसाठी प्रत्येक कंपनीचा टंक निराळा आणि त्यातल्या अक्षरांची सांकेतिक मांडणीही निराळी असे. सीमाभागातून एका टंकात जुळवून आलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यातील संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसे, आणि आख्खा लेख पुन्हा जुळवण्याची पाळी येई. टंक चांगला की वाईट हा प्रश्न मागे पडे. ज्या टंकात आपला जुना मजकूर अडकला आहे, तोच पुन्हा विकत घ्यावा लागे. बाजारातला वाटा असाही राखला जातो. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली, त्यानंतर कित्येक वर्षांनी ही खिचडी निवळली.

आपण तास विकणारे का झालो, याचे उत्तर इतिहासात आहे. टीसीएस १९६८ साली मुंबईत निघाली, तेव्हा देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली आणि १९८३ मध्ये, मायको या गिऱ्हाइकाच्या मागोमाग, बंगळूरला गेली. (पुणेकरांच्या जिव्हारी लागलेली ही हकीकत.) यंत्र आयात करायचे तर परवान्यांची रांग आणि परकीय चलनाचा तुटवडा. देशात पॅकेज विकत घेणारा नाही, परदेशात ते खपवण्यासाठी लागणारा पैसा नाही. तेव्हा जी गोष्ट मुबलक होती ती, म्हणजे गणित येणारी माणसे, तिच्यावर धंदा उभा राहिला. त्यात कमीपणा नाही. लक्षावधी घरे त्यावर उभी आहेत, आळंदचीही.

तथापि थाळी सिद्ध करणारेही आपल्याकडे झाले. अडतीच्या दुकानात मुनीमजींच्या खतावणीची जागा ज्या टॅलीने घेतली, ती १९८६ मध्ये श्यामसुंदर व भरत गोएंका या पितापुत्रांनी बंगळूरच्या कंपनीतून बाजारात आणली. पुढे तिच्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत हिशेब ठेवण्याची सोय झाली. सीमेवरच्या दुकानदाराला याहून अधिक काय हवे? स्टेट बँकेच्या खिडकीमागे टीसीएसचे ‘बँक्स’ हे पॅकेज चालते. कॅनरा बँकेत चालते ते ‘फ्लेक्सक्यूब’. हे फ्लेक्सक्यूब घडवणारी आय-फ्लेक्स मुंबईची. जगभरच्या बँकांत ते खपू लागले, आणि २००५ पासून ओरॅकलने कंपनीचे भाग घेत घेत ती आपलीशी केली. पॅकेज जगात आजही विकले जाते, पण त्याचा आकडा अमेरिकन कंपनीच्या खात्यावर चढतो.

क्विक हीलची कथा याहून बोलकी आहे. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांनी विषाणू पकडणारे सॉफ्टवेअर लिहिले, आणि २०१६ साली कंपनी शेअरबाजारात आली. मराठी माणसाने आपले उत्पादन आपल्या नावाने देशभर विकल्याचे हे मोठे उदाहरण. परंतु मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून विषाणू-संरक्षण प्रणालीतच घालून दिले, वेगळे दाम न घेता. जी वस्तू आपण विकतो ती बाजारातला सर्वांत बलाढ्य व्यापारी फुकट वाटू लागला, तर करायचे काय? क्विक हीलची २०२४-२५ ची विक्री तीनशे कोटी रुपयांच्या आत होती. त्याच वर्षी तास विकणाऱ्या टीसीएसची २,५५,३२४ कोटी. थाळी द्रौपदीची खरी, पण प्रत्येकीला सूर्य प्रसन्न होत नाही. पुण्याच्या पर्सिस्टंटने (स्थापना १९९०, संस्थापक आनंद देशपांडे) म्हणूनच मधला रस्ता धरला. इतरांची उत्पादने घडवून देण्यात ती मुरली आणि २०२४-२५ मध्ये तिची विक्री ११,९३९ कोटी रुपयांवर गेली. केपीआयटीही १९९० ची, पुण्याचीच. तिने केवळ मोटारींचे सॉफ्टवेअर हे क्षेत्र धरले.

आता घरच्या प्रश्नाकडे वळू. सरकारी नोकरी आणि सरकारी महाविद्यालये यांत आपल्या भागाला २०१३ पासून घटनेच्या ३७१-जे कलमाचा आधार मिळाला आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात ते कलम चालत नाही. तेथे कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठातून आलेला आळंदचा मुलगा आणि पुण्यात शिकलेला मुलगा एकाच रांगेत उभे असतात. मोठ्या सेवा कंपन्यांत नवशिक्याचे वार्षिक वेतन दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. या काळात पुण्यातल्या खोलीचे भाडे कोठून कोठे गेले ते वाचक जाणतात. काम नसेल तेव्हा मुलगा ‘बेंचवर’ बसतो, म्हणजे पगार चालू पण तास विकला जात नाही. असे महिने लांबले की घरच्यांना फोनवर त्याचा आवाज बदललेला कळतो. मोठेपणा तेव्हा उपयोगी पडतोच असे नाही. जुलै २०२५ मध्ये देशातल्या या सर्वांत मोठ्या कंपनीने, टीसीएसने, सुमारे दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत भरणा मधल्या व वरच्या जागांवरच्या अनुभवी लोकांचा. यंत्रच आज्ञावली लिहू लागले असताना तासांचा भाव कोण किती देणार, हा प्रश्न त्या धंद्यापुढे उभा आहे.

तेव्हा पाहुण्यांनी ‘कंपनी मोठी आहे ना?’ असे विचारले, तर विचारू द्यावे. मुलाला मात्र आईवडिलांनी वेगळे विचारावे. कंपनी स्वतःचे काही विकते की तुझे तास? तू ज्या गिऱ्हाइकासाठी काम करतोस त्याचा धंदा कसला, तो तुला समजू लागला आहे का? बेंचवर किती महिने होतास, आणि त्या महिन्यांत काय नवे शिकलास? या प्रश्नांची उत्तरे देताना मुले पहिल्यांदा थोडी चिडतात, असा आमचा अनुभव आहे. मग चहा होतो, आणि सांगू लागतात.