वाटेत गाडी बंद पडली तर

निगडीला ट्रान्सपोर्टनगर आहे. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या भागांत पुष्कळ कारखाने आहेत. त्यांचा माल देशभर जातो. तो नेणाऱ्या मालमोटारी या नगरात उभ्या असतात. दलालांची ऑफिसे इथे आहेत. टायरवाले, पाटेवाले, फिटर हेही इथेच. इथे गाडी बिघडली तर फारशी चिंता नाही. हाक मारली की मेस्त्री येतो. पण गाडी दूर वाटेत बिघडली, रात्री बिघडली आणि आत दुसऱ्याचा माल असला तर?

आपल्या गावांतले कितीतरी तरुण या धंद्यात आहेत. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी कर्ज काढून एक गाडी घेतली आहे. म्हणून ही गोष्ट आपण नीट समजून घेऊ.

आधी माणसे ओळखू या. माल पाठवणारा कारखाना एक. माल पोहोचवण्याची हमी घेऊन बिल्टी फाडणारा ट्रान्सपोर्टवाला दुसरा. जुने लोक त्याला हुंडेकरी म्हणत. तिसरा दलाल. त्याच्याकडे गाडी नसते. कोणाकडे माल आहे आणि कोणाची गाडी रिकामी आहे, ते त्याला ठाऊक असते. दोघांची गाठ घालून तो दलाली घेतो. मग गाडीमालक, आणि शेवटी ड्रायव्हर. रस्त्यावर एकटा असतो तो ड्रायव्हरच.

समजा, निगडीहून गाडी निघाली. बंगळूरला जायचे आहे. शिरवळ सोडले आणि गाडीचा क्लच गेला. रात्रीचे अकरा वाजलेत. आता काय?

पहिले काम म्हणजे जीव वाचवणे. गाडी होईल तितकी डाव्या कडेला घ्यावी. पार्किंगचे दिवे लावावेत. मागे लांब अंतरावर चमकणारा तिकोन ठेवावा. अंधारात उभ्या ट्रकवर मागून येणारी गाडी आदळते आणि माणसे मरतात. चाकाखाली दगड लावावा, पण निघताना तो उचलून बाजूला टाकावा. पुष्कळजण तो तसाच सोडून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने काय पाप केले? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या नंबरावर फोन केला तर मदत मिळते. गाडी ओढायची क्रेनही मागवता येते.

दुसरे काम फोनचे. मालकाला आणि दलालाला लगेच खरे ते सांगावे. इथेच खूपजण चुकतात. ‘पोहोचतोच आहे, दोन तासांत येतो’ असे सांगत राहतात. शिव्या टळतात, पण तेवढ्यापुरत्याच. हल्ली मोटारींचे कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत. आज लागणारा माल आजच येतो. तो आला नाही तर काम थांबते आणि भाड्यातून पैसे कापले जातात. आधी कळले तर ते दुसरीकडून सोय करतात. चांगला दलाल म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठे आहे आणि दुरुस्तीला किती तास लागतील?’

आता ठरवायचे, गाडी दुरुस्त करायची की माल दुसऱ्या गाडीत भरायचा? टायर फुटला तर तासाभराचे काम. पाटा तुटला तर काही तास. क्लचप्लेट बदलायची तर जवळपास एक दिवस गेला. गिअरबॉक्सच गेला तर वाट पाहण्यात अर्थ नाही. माल कसला आहे तेही पाहावे. लोखंडी माल एक दिवस थांबेल. टोमॅटो थांबत नाही. कांदा थांबतो, पण पावसात ताडपत्री फाटकी असली तर तोही गेला.

दुरुस्तीचा खर्च सहसा गाडीमालकाचा. माल पलटी करायचा तर दलाल दुसरी गाडी शोधतो. तिचे भाडे आणि हमाली कोणी द्यायची, ते आधीच बोलून घ्यावे. झालेल्या आणि उरलेल्या वाटेप्रमाणे भाडे वाटून घेतात. पण तोंडी बोलणे नंतर कोणाला आठवत नाही. फोनवर लिहून पाठवावे.

पलटीच्या वेळी डोळ्यांत तेल घालून नग मोजावेत. दुसऱ्या गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे नाव आणि वेळ बिल्टीवर लिहावी. सीलचा नंबर जुळवावा. फोटो काढावेत. ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप आल्याशिवाय, ‘मला पाठवलंय’ म्हणणाऱ्या कोणालाही माल देऊ नये.

एक कागद आणखी आहे, ई-वे बिल. हे १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल नेताना ते लागते. त्यावर गाडीचा नंबर असतो. गाडी बदलली की नंबरही बदलून घ्यावा लागतो. त्याला मुदतही असते. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. बंगळूर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच दिवस. दुरुस्तीत ते संपत आले तर मुदत वाढवून मिळते. मात्र मुदत संपण्याच्या आधी ८ तास किंवा नंतर ८ तास, एवढ्याच वेळात ते करता येते. ते केले नाही तर चांगली गाडीसुद्धा नाक्यावर अडकते आणि दंड बसतो. हे काम ऑफिसातून होते. पण आठवण ड्रायव्हरनेच करून द्यावी, कारण मुदत संपली तर रस्त्यावर अडकतो तो.

आणि माल खराब झाला किंवा हरवला तर? १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा नवा कायदा आला. तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. बिल्टी देणाऱ्यावर मालाची जबाबदारी आहे. मालाची किंमत जास्त लिहून जादा दर भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. कांदा-बटाटा बाहेर पाठवणाऱ्या शेतकऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे आणि बिल्टी फेकून देऊ नये.

ड्रायव्हरचे काय, ते मात्र फारसे कोणी विचारत नाही. बऱ्याच जणांना फेरीवर पैसे मिळतात. गाडी दोन दिवस खोटी झाली तर ते दिवस फुकट. शिवाय डिझेल आणि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून रात्रभर जागायचे. आमच्या मते मालकाने या दिवसांचा भत्ता आधीच ठरवावा. काही मालक देतातही.

माल पोहोचला की उतरवून घेणारा बिल्टीवर सही-शिक्का देतो. त्यालाच पोहोच म्हणतात. उशीर झाला, नग कमी भरले, असा शेरा तो तिथेच लिहितो. सही घेतल्यावर तो शेरा ड्रायव्हरने स्वतः वाचावा. चूक असेल तर तिथल्या तिथे बोलावे. भाड्याची बाकी त्याच कागदावर मिळते.