चंद्रावर गेले ते आधी काय करीत होते?

श्रोतेहो, मंडईत एका शेतकरीदादांनी मला विचारले, “गुरुजी, चंद्रावर गेली ती माणसं आधी काय करीत होती?”

प्रश्न मोलाचा आहे. १९६९ साली तिघे निघाले. आर्मस्ट्राँग व कॉलिन्स हे नव्या विमानांची चाचणी घेणारे वैमानिक; ऑल्ड्रिन यांनी अवकाशात दोन याने एकत्र कशी आणावीत, यावर प्रबंध लिहिलेला. तिघेही आधी एकेकदा अवकाशात जाऊन आलेले.

आपले राकेश शर्मा १९८४ साली व शुभांशु शुक्ला २०२५ साली अवकाशात गेले. चंद्रावर नव्हे, पण वाट तीच. दोघेही हवाई दलाचे वैमानिक, शिकले आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. २०२२ पासून तेथे मुलीही शिकतात.

शिक्षकबंधूंनो, हे वर्गात जरूर सांगा. मुलींना तर आधी सांगा.