झाडावरच्या माणसाला नावाने हाक



गेल्या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. नाव म्हणजे काय हे मला त्या चुकीतूनच उमगले, म्हणून ती आधी सांगतो.

सोलापूरच्या बाहेर फासेपारधी कुटुंबांची काही पाले आहेत. तिथल्या सहा वर्षांच्या एका मुलाला शाळेत घालायचे होते. त्याचे नाव एका हत्याराचे आहे. फॉर्म भरताना माझा हात थांबला. या नावावर वर्गात पोरे हसतील, असे मनात आले आणि मी रकान्यात ‘दावीद’ लिहून मोकळा झालो. संध्याकाळी मोठ्या आनंदाने त्याच्या आईला ते सांगितले. ती चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “दादा, इचारायचं तरी. त्याच्या आज्यानं ठिवलंय ते नाव. पोरानं कुणाला भिऊ नये म्हणून.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुमचं नाव चांगलंच आसंल. पर त्या नावानं हाक मारली तर पोरगं ओ देत न्हाई.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. धर्मशिक्षण घेताना अब्रामाचा अब्राहाम कसा झाला (उत्पत्ति १७), याकोबाला इस्राएल हे नाव कसे मिळाले (उत्पत्ति ३२), हे मी शिकलो होतो आणि संडे स्कूलमध्ये शिकवलेही होते. पण तिथे नाव देवाने दिले होते. येथे ते मी दिले, तेही न विचारता.

दुसऱ्यांची नावे बदलणारे पवित्र शास्त्रात आणखीही कोणी आहेत. बाबेलच्या दरबारात दानीएलाला बेल्टशस्सर हे नाव देण्यात आले (दानीएल १:७). राजवाड्यात अन्न, शिक्षण, नोकरी सगळे मिळाले, पण आईबापांनी ठेवलेले नाव काढून घेतले गेले. ‘देव माझा न्यायाधीश’ असा त्या नावाचा अर्थ. पुढे स्वर्गदूत त्याच्याकडे येतो तेव्हा मात्र दानीएल म्हणूनच हाक मारतो (दानीएल ९:२२). राजाच्या दप्तरात काय लिहिले होते, याची देवाने दखल घेतली नाही.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अशा जमातीत जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवायच्या आधीच त्याच्यावर ‘गुन्हेगार’ हा शिक्का बसलेला असे. आपल्या शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. अनेकांनी इथल्या कापड गिरण्यांत घाम गाळला. त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. देशात अशा काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या, हेही आपण विसरू नये. तिथे शाळा होती, औषधपाणी होते, आणि कुंपणही होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. पण कागदावरून पुसलेले नाव लोकांच्या तोंडातून जात नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पालावर येते.

आता लूककृत शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय काढा. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. त्याच्या नावाचा मूळ अर्थ ‘शुद्ध’, ‘निर्दोष’ असा आहे. आईबापांनी किती आशेने ठेवले असेल! पण यरीहोतले लोक त्याला ‘पापी’ म्हणत. प्रभू येशू उंबराच्या झाडाखाली थांबला आणि त्याने जक्कयाला नावाने हाक मारली. नवे नाव दिले नाही. लोकांनी चढवलेले नाव बाजूला सारून त्याचे मूळचे नाव सर्वांसमक्ष उच्चारले आणि त्याच्या घरी उतरायला गेला. जक्कय बदलला तो त्यानंतर.

शौलाचा तारणानंतर पौल झाला, असे आपण सर्रास म्हणतो. पण प्रेषितांची कृत्ये १३:९ नीट वाचा. त्याला दोन्ही नावे होती. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला ‘शौला’ अशीच हाक मारली. आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तरी ते शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. बाप्तिस्म्यात मुख्य नाव आपले नसते. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने होतो. आपण कोणाचे, हे तिथे ठरते. मग आपले नाव नारायण असो, मार्था असो की पारध्याच्या पोराचे हत्यारी नाव असो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. जनरल रजिस्टरमध्ये नोंद व्हायची होती, म्हणून नाव दुरुस्त करता आले. नाही तर पुढे आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे होऊन जातीच्या दाखल्यासाठी त्या आईला किती हेलपाटे पडले असते, ते मला ठाऊक आहे.

वर्गात पोरे हसली का? पहिले दोन दिवस हसली. पण त्याला खरे लागले ते वेगळेच. पटांगणात एका मोठ्या माणसाने त्याला “ए पारध्या” म्हणून हाक मारली, तेव्हा तो पालावर पळून गेला. तीन दिवस आला नाही. आजोबांनी दिलेल्या नावाची त्याला लाज नव्हती. नावच न घेण्याने तो दुखावला होता. चौथ्या दिवशी त्याच्या बाई स्वतः पालावर गेल्या आणि त्याला नावाने हाक मारली. तो ओ देत बाहेर आला.

म्हणून आमच्या कामात आता एक नियम आहे. फॉर्म भरण्याआधी मुलाचे नाव आईला विचारायचे, कोणी ठेवले तेही विचारायचे आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. एखाद्या कुटुंबाला स्वतःहून नाव बदलायचे असेल, तर राजपत्रापर्यंतचे सगळे कागद आम्ही करून देतो. पण मागणी त्यांची असली पाहिजे.

आपल्यालाही एक विनंती. नाताळात कपडे, वह्या घेऊन पालावर याल तेव्हा ‘पारध्यांची पोरं’ म्हणू नका. निदान एका मुलाचे नाव विचारा, ते नीट उच्चारायला शिका आणि घरी कौटुंबिक प्रार्थनेत त्याच नावाने त्याला प्रभूपुढे आणा. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो (योहान १०:३). त्याच्या यादीत त्या मुलाचे नाव कसे लिहिले आहे, हे मला आता विचारावे लागत नाही. ज्या नावाला ते लेकरू ओ देते, त्याच नावाने प्रभू त्याला हाक मारत असेल.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपला बंधू, सोलापूर