संकेतस्थळाच्या दारावरची पाटी

दुकानात रंगकाम निघाले की जाणता दुकानदार शटरवर पाटी लावतो : ‘काम चालू आहे, दुकान सोमवारी उघडेल.’ नुसते कुलूप दिसले तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. संकेतस्थळ अद्ययावत करतानाही अशी पाटी हवी, आणि ती माणसाला व यंत्राला, दोघांनाही वाचता आली पाहिजे.

यंत्रासाठी ५०३

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर उत्तरासोबत तीन आकडी कोड पाठवतो. २०० म्हणजे ‘सगळे ठीक’, ४०४ म्हणजे ‘पान सापडले नाही’, तर ५०३ म्हणजे ‘सेवा तूर्त उपलब्ध नाही’. दुरुस्तीच्या पानासोबत ५०३च जायला हवा. २०० गेला तर गूगलसारखे शोधयंत्र ‘काम चालू आहे’ हाच तुमचा मजकूर धरते. ४०४ गेला तर पान काढून टाकले असे मानते. ५०३ मिळाला की ते पुन्हा फेरी मारते. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ ही सूचना जोडून किती सेकंदांनी यावे, हेही सांगता येते. मात्र बरेच दिवस ५०३ येत राहिला, तर पाने शोधनिकालांतून गळू लागतात.

वर्डप्रेसमधली सोय

अद्ययावत होताना वर्डप्रेस मूळ फोल्डरमध्ये ‘.मेंटेनन्स’ ही छोटी फाइल तयार करते आणि काम संपताच पुसते. ती असेपर्यंत पाहुण्यांना एका ओळीचा संदेश दिसतो. काम मध्येच अडकले तर फाइल तशीच राहते. पण १० मिनिटांनंतर वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करते. तेवढेही थांबायचे नसेल, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ती पुसावी. नाव टिंबाने सुरू होत असल्याने आधी लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा लागतो.

‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये ‘मेंटेनन्स.पीएचपी’ ठेवली, की त्या ओळीऐवजी आपला मराठी मजकूर दिसतो. तेव्हा ५०३ पाठवण्याची ओळ त्याच फाइलमध्ये लिहावी. वर्डप्रेस ती आपणहून जोडत नाही.

माणसासाठी चार ओळी

काय चालले आहे, सेवा किती वाजता सुरू होईल आणि तोवर कुठे फोन करावा, एवढे साध्या मराठीत लिहा. पान हलके ठेवा. ते डेटाबेसवर अवलंबून नसावे, कारण दुरुस्ती कदाचित त्याचीच चालू असेल.

पाटी काढायला विसरू नका

काम झाल्यावर लॉगिन न केलेल्या खासगी विंडोतून संकेतस्थळ उघडून पाहा. व्यवस्थापकाला सगळे सुरळीत दिसत असतानाही पाहुण्यांसमोर जुनीच पाटी असू शकते. ती उतरली, याची खात्री झाल्यावरच काम संपले असे समजा.