ऊसनोंद ठेवायची कशात?



लागणीची तारीख, जात, क्षेत्र, वजनकाट्याचे आकडे, सगळे आता संगणकात असते. ते गेले तर तोडीचा क्रम आणि बिल, दोन्हींचा घोळ. म्हणून आम्ही शेतकी खात्यातर्फे साठवणीची ही माहिती देत आहोत.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. कपाटाएवढ्या त्या यंत्रात २४ इंची ५० तबकड्या अन् मावायची सुमारे ५० लाख अक्षरे. आज तळहातावरच्या डिस्कमध्ये ३० टेराबाइट, म्हणजे त्याच्या साठ लाख पट मावते. पण फिरती तबकडी झिजते. एसएसडीत फिरते काही नाही, काम झटपट. मात्र विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिली तर नोंद पुसू शकते. चुंबकीय फीतही संपलेली नाही. २०२१ च्या एलटीओ-९ फितीत १८ टेराबाइट राहते.

साधन मोठे, तशी एका फटक्यात जाणारी नोंदही मोठी. बेणे आपण एकाच प्लॉटवर ठेवत नाही, तसेच हे. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, एक प्रत दुसऱ्या गावी. गाळपाआधी प्रत उघडून चार नोंदी ताडून पाहाव्यात.

सभासदांनीही नोंदीची पावती जपावी, ही विनंती. घोळ झाला तर तीच कामी येते.