जहाजावरून विमानाकडे

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर विलायतेची डाकबोट लागत असे, त्या काळीं धक्क्याला लागूनच आगगाडीचा फलाट होता. बोटीवरून उतरलेला उतारू हमालाच्या मागोमाग चार पावलें चाले आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाडींत जाऊन बसे. १९२८ सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या मोसमांत येथूनच पेशावरकडे निघत असे. बोट आणि गाडी यांचा मेळ आधींच घालून ठेवलेला असल्यामुळें उतारूला त्याची विवंचना करावी लागत नसे. आज सागरसहल संपवून विमानानें घरीं परतणाऱ्याच्या वांट्याला हें सुख बहुधा येत नाहीं. जहाजाची कंपनी वेगळी, विमानाची वेगळी. एकीला दुसरीच्या वेळापत्रकाचें सोयरसुतक नसतें. या दोहोंमधला सांधा उतारूनें स्वतःच जुळवावयाचा असतो, आणि त्या सांध्याची खीळ म्हणजे बोर्डिंग पास नांवाचा कागदाचा एक तुकडा, किंवा अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर उमटणारें एक चित्र.

अमेरिकेच्या दक्षिण टोंकाचा फ्लॉरिडा प्रांत हें या सागरसहलींचें माहेरघर होय. मायामी, फोर्ट लॉडरडेल आणि पोर्ट कॅनाव्हरल या बंदरांतून हजारों उतारूंना घेऊन जहाजें बहामा, जमेका, मेक्सिको या बाजूंना जातात व कांहीं दिवसांनीं त्याच धक्क्याला परत येतात. अमेरिकेंत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले पुण्यामुंबईचे आईवडीलहि आतां या जहाजांवर दिसूं लागले आहेत. मायामीच्या धक्क्यापासून तेथील विमानतळ सुमारें १३ किलोमीटरांवर आहे. फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ तर इतका जवळ आहे कीं, खालीं उतरणारीं विमानें जहाजाच्या गच्चीवरून स्पष्ट दिसतात. पोर्ट कॅनाव्हरलहून मात्र ऑर्लंडोचा विमानतळ सत्तरेक किलोमीटर दूर पडतो. पण खरी अडचण अंतराची नाहीं. ती वेळेची आहे.

अमेरिकेंतल्या अमेरिकेंत उडणाऱ्या बहुतेक विमानकंपन्या उतारूची हजेरी, म्हणजे ज्याला चेक-इन म्हणतात तें, विमान सुटण्याच्या चोवीस तास आधीं घेऊं लागतात. त्या आधीं बोर्डिंग पास मिळत नाहीं. आतां जहाज पहांटे धक्क्याला लागणार आणि विमान दुपारीं एक वाजतां सुटणार असें धरलें, तर हजेरीचें दार आदल्या दिवशीं दुपारीं एक वाजतां उघडतें. त्या वेळीं उतारू कोठें असतो? पुष्कळ सहलींचा शेवटचा दिवस निव्वळ समुद्रावरचा असतो. भोंवतालीं निळें पाणी, हातांत सरबताचा पेला, आणि जमिनीशीं संबंध जवळजवळ तुटलेला. ज्या चोवीस तासांत पास मिळवावयाचा, त्यांतले बरेचसे तास असे पाण्यावर जातात.

पास म्हणजे तिकीट नव्हे, हें येथें ध्यानांत घ्यावयास हवें. तिकीट हा कंपनीशीं झालेला करार. पास हा त्या कराराप्रमाणें उतारू हजर आहे व अमुक आसन त्याला दिलें आहे, याचा दाखला. कागदी तिकिटाचा रिवाज विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेनें १ जून २००८ पासून बंद केला. आतां तिकीट कंपनीच्या संगणकांतच राहतें आणि उतारूजवळ सहा अक्षरांची एक खूण तेवढी असते. पासाची गोष्ट निराळी आहे. पूर्वींचे पास जाड पुठ्ठ्याचे असत आणि कित्येकांच्या पाठीवर चुंबकीय पट्टी असे. असला पुठ्ठा विमानतळावरच्या खास यंत्रांतूनच निघावयाचा. तो जहाजावर कसा मिळावा? पुढें त्या पट्टीची जागा काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटीनें घेतली. उतारूचें नांव, विमानाचा क्रमांक, तारीख, आसन हें सारें त्या चौकटींत सांठवलेलें असतें. २०१० च्या अखेरपर्यंत सर्व कंपन्यांनीं ही पद्धति स्वीकारावी असें त्याच संघटनेनें ठरविलें होतें. चौकट साध्या कागदावर छापली तरी चालते, कारण महत्त्व कागदाला नसून ठिपक्यांना आहे. म्हणूनच भर समुद्रांत पास छापणें शक्य झालें.

तो आधीं मिळविला नाहीं तर काय बिघडतें, असें कोणी विचारील. एरवीं फारसें बिघडत नाहीं. विमानतळावरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर तो बहुधा मिळतोच. पण अमेरिकेंतील कंपन्या कधीं कधीं विमानांतल्या आसनांपेक्षां अधिक तिकिटें विकून ठेवतात आणि त्यांना तशी कायद्यानें मुभा आहे. सगळेच उतारू हजर झाले तर आधीं स्वखुषीनें मागें राहणारे शोधले जातात. ते पुरेसे न मिळाल्यास कोणाला तरी वगळावें लागतें. कोणाला वगळावयाचें याचे प्रत्येक कंपनीचे नियम असतात आणि हजेरी केव्हां लागली हा त्यांतला एक मुद्दा पुष्कळदां असतो. शनिवारीं किंवा रविवारीं सकाळीं तीनचार जहाजें एकदम रिकामीं होतात आणि दुपारचीं विमानें भरून वाहतात. त्या गर्दींत सर्वांत मागाहून हजेरी लावणारा उतारू स्वतःच्या आसनाविषयीं निश्चिंत राहूं शकत नाहीं. नवराबायकोंचीं आसनें विमानाच्या दोन टोंकांना पडणें हा तर नेहमींचाच प्रकार. सत्तरी उलटलेल्या, इंग्रजीची फारशी संवय नसलेल्या बाईला पांच तास अनोळखी माणसांत बसावें लागणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

साउथवेस्ट नांवाच्या कंपनीनें तर या चोवीस तासांना जवळजवळ शर्यतीचें रूप आणलें होतें. १९७१ सालीं उड्डाणें सुरू केल्यापासून ती कोणालाहि ठराविक आसन देत नसे. ज्याचा नंबर आधीं तो आधीं आंत शिरे व आवडेल तेथें बसे. हा नंबर हजेरीच्या क्षणावर ठरत असल्यामुळें चोवीस तास भरण्याच्या ठोक्याला उतारू बोट सरसावून बसत. समुद्रावरचे उतारू केवळ या एका मिनिटासाठीं जहाजाच्या इंटरनेटचे पैसे भरीत. २००९ पासून कंपनीनें जादा पैसे घेऊन ही हजेरी आपोआप लावण्याची सोय केली, आणि २७ जानेवारी २०२६ पासून तर ठराविक आसनांची पद्धतच चालू केली. शर्यत संपली, पण तिची संवय जडलेले उतारू अजूनहि घड्याळाकडे पाहतात.

घड्याळाचीहि एक गंमत आहे. चोवीस तास मोजावयाचे ते विमान जेथून सुटणार तेथल्या वेळेनें. मेक्सिकोचें कोझुमेल बेट उन्हाळ्यांत मायामीच्या एक तास मागें असतें. जहाज आपलें घड्याळ कधीं बदलतें, कधीं बदलत नाहीं. मोबाईल मात्र किनाऱ्याजवळ येतांच स्वतःच्या मनानें बदलतो. तेव्हां वेळ कागदावर लिहून ठेवलेली बरी.

जहाजावरून जमिनीशीं संबंध जोडला जातो तो उपग्रहाच्या द्वारां. पूर्वींचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असत. प्रश्न वर जाऊन उत्तर खालीं येईपर्यंत प्रत्येक खेपेला अर्धा सेकंद जाई, आणि हजारों उतारू त्याच एका वाटेनें जाऊं पाहत. पान अर्धवट उमटून थांबणें हा तेव्हांचा सार्वत्रिक अनुभव. आतां सुमारें ५५० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांचा उपयोग होऊं लागला आहे. रॉयल कॅरिबियन या जहाजकंपनीनें २०२२ सालीं ही व्यवस्था आपल्या जहाजांवर बसविण्याचें जाहीर केलें आणि मागोमाग इतरांनींहि ती घेतली. त्यामुळें वेग पुष्कळ सुधारला. पैसे मात्र बहुधा वेगळे मोजावे लागतात. अनेक जहाजांवर चौकशीच्या टेबलाशीं पास छापून देण्याची किंवा त्यापुरता संगणक वापरूं देण्याची सोय असते. सहलीच्या पहिल्याच दिवशीं तिची विचारपूस करावी. शेवटच्या दुपारीं त्या टेबलापुढें लांबलचक रांग असते.

एका खड्ड्यांत मात्र हुषार माणसेंहि पडतात. कंपनीच्या खात्यांत शिरतांना ती मोबाईलवर संदेशानें एक आंकडा धाडते व तो विचारते. समुद्रावर इंटरनेट असलें तरी साधा मोबाईलचा संदेश येईलच असें नाहीं. जहाजाचें स्वतःचें मोबाईल-जाळें असतें खरें, पण त्याचा दर भयंकर असल्यामुळें जाणते लोक तें बंदच ठेवतात. मग आंकडा येत नाहीं, खातें उघडत नाहीं, आणि विकत घेतलेलें इंटरनेट वायां जातें. त्यावर उपाय असा कीं, पुष्कळ कंपन्यांच्या बाबतींत खात्यांत न शिरतां नुसतें आडनांव आणि ती सहा अक्षरांची खूण देऊनहि हजेरी लावतां येते. याचाच एक सोपा फायदा असा कीं, न्यू जर्सींत घरीं बसलेला मुलगा आईवडिलांची हजेरी लावून पास त्यांच्याकडे धाडूं शकतो. इतक्या सोप्या मार्गाचा पुष्कळांना विसर पडतो, याचें नवल वाटतें. पासाचा फोटो मात्र चारचौघांना दाखविण्यासाठीं कोठें लावूं नये. ती खूण आणि आडनांव परक्याच्या हातीं पडल्यास तो तिकिटांत ढवळाढवळ करूं शकतो.

मायामीहून परस्पर हिंदुस्थानाकडे निघणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. परदेशच्या प्रवासांत पासपोर्ट व व्हिसा तपासण्याची जबाबदारी विमानकंपनीवर असते. त्यामुळें हजेरी समुद्रावरून लागली तरी पास हातीं येईलच असें नाहीं. पुष्कळदां कागदपत्रें खिडकीवर दाखवा असाच निरोप मिळतो. अशा वेळीं हजेरी लागल्याचें समाधान मानून विमानतळावर अधिक वेळ राखून ठेवावा.

पास मिळाला म्हणजे सामानाचा प्रश्न सुटला, असें मात्र नाहीं. शेवटच्या रात्रीं बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. त्या एकदम सकाळीं धक्क्यावरच्या छपरींत भेटतात. छापलेला पास, पासपोर्ट आणि औषधें त्याच बॅगेंत गेलीं, कीं उतारूची रात्र वाईट जाते. हीं तिन्ही खांद्यावरच्या पिशवींत असावींत. फ्लॉरिडाच्या बंदरांत कांहीं जहाजांनीं ठराविक विमानकंपन्यांशीं करार करून एक सोय केलेली आहे. पैसे भरले कीं पास आदल्या संध्याकाळीं खोलींत येतो, आणि बॅगा धक्क्यावरून परस्पर विमानांत जाऊन घरच्या गांवीं भेटतात. बॅलार्ड पिअरच्या जुन्या व्यवस्थेची आठवण करून देणारी हीच काय ती एक गोष्ट. पण ती सर्वच जहाजांना वा सर्वच विमानांना लागू नाहीं, आणि अमेरिकेबाहेर जाणाऱ्यांना तिचा उपयोग होत नाहीं.

इतरांनीं सकाळचा हिशेब नीट मांडावा. जहाज सहा-सातला लागलें तरी सरकारी तपासणी आटोपून सगळे उतारू खालीं यावयास नऊ-साडेनऊ होतात. बहुतेक कंपन्या विमान सुटण्यापूर्वीं पाऊण तासापर्यंतच बॅगा घेतात, परदेशच्या विमानाला याहूनहि आधीं. उलट कित्येक कंपन्या चार तासांहून आधीं बॅगा घेतच नाहींत. तेव्हां साडेआठला विमानतळावर पोंचून दुपारीं तीनचें विमान धरणाऱ्याला बॅगांवर राखण बसावें लागतें. हातांत पास असलेला माणूससुद्धां बॅग सोडून पुढें जाऊं शकत नाहीं. बारा वाजण्यापूर्वींचें विमान घेऊं नये असें जहाजकंपन्या सांगतात, तें या हिशेबावरूनच.

आणि एक शत्रु असा आहे कीं, त्याच्यापुढें पासाचें कांहीं चालत नाहीं. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन बंदराच्या तोंडाशीं हिवाळ्यांत दाट धुकें उतरतें. मग खाडीचा मार्ग बंद होतो आणि जहाजें बाहेर समुद्रांत तासन् तास उभीं राहतात. तेथून ह्यूस्टनचा जवळचा विमानतळ पासष्टेक किलोमीटरांवर, तर मोठा विमानतळ याहूनहि बराच लांब आहे. आंत हजारों उतारू, प्रत्येकाजवळ छापलेला पास, आणि विमान तर थांबणार नाहीं. अशा वेळीं पास जपून ठेवण्यांत अर्थ नसतो. विमान सुटण्यापूर्वींच कंपनीला कळवून हजेरी रद्द करावी व पुढच्या विमानांत जागा मागावी. न कळवितां विमान चुकलें तर उतारू गैरहजर धरला जातो, आणि त्याच तिकिटावरचीं पुढचीं सारीं उड्डाणें, ह्यूस्टनहून न्यूयॉर्क व तेथून मुंबई असें तिकीट असल्यास मुंबईचेंसुद्धां, रद्द होण्याची भीति असते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारींत गॅल्व्हस्टनला उतरावयाचें असेल, तर संध्याकाळचें विमान घ्यावें, किंवा ती रात्र ह्यूस्टनला काढून दुसऱ्या दिवशीं निघावें.